कापराचं वाळवण

माझ्या भासऱ्यांचा नातू वेळेत बोलायला लागला नाही, म्हणून आमच्या गावच्या देवीला कापूर मिळाला. आणि देवीला कापूर मिळाला म्हणून एक बाई चोर ठरली. मधल्या सगळ्या पायऱ्या आमच्याच घरातल्या माणसाने बांधल्या आहेत, तेव्हा त्या मीच सांगितलेल्या बऱ्या.

भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमचे भासरे देवस्थान समितीचे अध्यक्ष आहेत, शाळेच्या समितीचे अध्यक्ष आहेत, आणि उद्या गावात माकडं हाकलायची समिती निघाली तर तिचेही तेच अध्यक्ष होतील. मी त्याच शाळेत विज्ञान शिकवते. आमच्याकडे भासऱ्याशी धाकट्या भावाच्या बायकोने थेट बोलू नये अशी पद्धत आहे. आमच्या मानोरा तालुक्यात आता ती बहुतेक घरांतून गेली. आमच्या घरात टिकली, कारण आम्हा दोघांनाही ती सोयीची आहे. मला काही सांगायचं असलं की मी जाऊबाईंना सांगते, त्या त्यांना सांगतात. त्यांचं उत्तरही त्याच वाटेने येतं. तिघंही एकाच खोलीत बसलेली असली तरी. इतक्या वर्षांत आमचं एकदाही भांडण झालं नाही, कारण भांडायचं म्हटलं तर दोन्ही बाजूंनी एकट्या जाऊबाईंनाच भांडावं लागलं असतं.

तर नातू. चार वर्षांचा झाला तरी बोलेना. वाशीमच्या डॉक्टरांनी कान तपासले, म्हणाले, कान चांगले आहेत, घरातले लोक त्याला बोलायची संधी देत नसतील. भासऱ्यांना हे निदान पटलं नाही. त्यांनी देवीला नवस बोलला: नातू बोलू दे, त्याच्या वजनाएवढा कापूर देईन. पुढच्या काही महिन्यांत नातू बोलायला लागला आणि तेव्हापासून अजून थांबलेला नाही.

नवरात्रात देवळासमोरच्या निंबाला तराजू टांगला. नातू खाऊन-पिऊन सुखी. त्याचं वजन हा एरवी भासऱ्यांच्या अभिमानाचा विषय, त्या दिवशी मात्र त्यांनी सकाळपासून त्याला नाश्ता दिला नव्हता. एका पारड्यात नातू, दुसऱ्यात कापराची पाकिटं. पारडी बरोबरीला आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तेवढ्यात भासऱ्यांनी हात वर केला.

"थांबा. हे त पन्नीसकट वजन झालं. पन्नीचं वजन देवीले काहून द्याचं? देवीले फसवाचं काय?"

कोणालाही देवीला फसवायचं नव्हतं. मग सगळी प्लास्टिकची पाकिटं फोडली, कापूर मोकळा केला, पुन्हा तोलला, कमी पडला तेवढा आणखी आणला. नातू पारड्यात बसून "मले भूक लागली, मले भूक लागली" म्हणत होता. नवस फळाला आल्याचा याहून मोठा पुरावा नको होता. तो सगळा मोकळा कापूर पत्र्याच्या पेटीत ओतला आणि पेटी समितीच्या खोलीत ठेवली. देवळाला लागून आहे ती खोली. वर टिनाचे पत्रे, तोंड पश्चिमेला. पेटीला कुलूप, किल्ली भासऱ्यांच्या करदोट्याला. रोज सकाळी ते स्वतः पेटी उघडत, आरतीपुरता कापूर काढून गुरवाला देत आणि पुन्हा कुलूप लावत.

मी त्या दिवशी जाऊबाईंना म्हटलं होतं, मोकळा कापूर असा ठेवू नये. जाऊबाईंनी सांगितलं. उत्तर आलं, "तिले सांग, शाळेचं शाळेत."

थंडी पडली तशी पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सकाळी पांढरं काहीतरी दिसायला लागलं. बारीक, चमकणारं, हात लावला की पुसलं जाणारं. ते काय होतं ते सांगते. दिवसा टिनाखाली पेटी तापायची, आत कापराची वाफ भरायची. रात्री पत्रा गार पडला की ती वाफ झाकणावर परत कापूर होऊन बसायची. म्हणजे कापूर पेटीतून निघून दारापर्यंत आला होता आणि दार बंद म्हणून तिथेच थांबला होता. शहाण्या माणसाने दार आणखी घट्ट केलं असतं.

पण भासरे सोयाबीनवाले. सोयाबीनला पांढरं दिसलं तर ती बुरशी, बुरशी म्हणजे ओल, आणि ओल म्हणजे माल गेला. त्यांच्या आयुष्यात पांढऱ्या थराचा दुसरा अर्थ कधी आलाच नाही. त्यांनी झाडलोट करणाऱ्या बाईला हुकूम सोडला, "पेटीले बुरशी चढून राह्यली. रोज सकाळी मी पेटी उघडतो तवा झाकन पुसत जाय."

ही बाई जवळच्या तांड्यावरची. नवरा दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर पश्चिमेकडे जातो, पावसाच्या तोंडावर परततो. ती मात्र गेली काही वर्षं जात नाही, कारण तिला इथे दोन कामं आहेत: सकाळी देऊळ, मग आमची शाळा. तिने झाकण पुसायला फडकं मागितलं. समितीने ठरवू म्हटलं. समितीने फडकं ठरवेपर्यंत ती पदराने पुसत राहिली. फडकं अजून ठरलेलं नाही.

पुसूनही बुरशी रोज परत येते म्हटल्यावर भासऱ्यांनी पुढचा उपाय केला. पेटीच्या दोन्ही बाजूंना खिळ्याने भोकं पाडली. मालाला हवा लागली पाहिजे. तरीही थोडं पांढरं दिसतच होतं. मग फाल्गुनात, ऊन चांगलं तापायला लागल्यावर, त्यांनी सोयाबीनवाल्याचा शेवटचा आणि हमखास उपाय केला. देवळाच्या गच्चीवर ताडपत्री अंथरली आणि सगळा कापूर वाळत घातला.

मी त्या दिवशी शाळेत सातवीला शिकवत होते. खिडकीतून वास आला तेव्हा आधी वाटलं शेजारच्या वर्गात कोणाला तरी सर्दीचं मलम चोळलंय. दुपारपर्यंत सगळ्या गावाला वास येत होता. बसथांब्यावरची माणसं हात जोडत होती. म्हातारी माणसं म्हणाली, देवी गावातून फिरून राह्यली. गच्चीवर भर उन्हात बाई काठी घेऊन बसली होती, माकडांनी देवीचा कापूर नेऊ नये म्हणून. माकडांनी काही नेला नाही. माकडांना अक्कल असते.

संध्याकाळी वाळवण गोळा करून पेटीत भरलं. भासरे खूश. ओल पार निघून गेली होती.

चैत्राच्या नवरात्रात मोठी आरती करायची म्हणून पेटी बाहेर काढली, तेव्हा ती दोघांच्या ऐवजी एकट्या सचिवाने उचलली. हा सचिव माझा जुना विद्यार्थी. भुसार दुकानातला काटा आणला. जेवढा कापूर आरत्यांना लागला असता तो वजा करूनही अर्ध्याच्या वर कमी भरला. भासऱ्यांचा चेहरा उतरला. किल्ली त्यांच्या कमरेला होती, तेव्हा चोर असा हवा होता की ज्याला किल्लीशिवाय पेटीजवळ जाता येतं. असं गावात एकच माणूस होतं. रोज सकाळी, त्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्याच हुकमाने.

सचिवाने पुरावा काढला. तो तिच्याजवळ गेला, वाकला आणि म्हणाला, "हिच्या पदराले कापराचा वास येऊन राह्यला."

देवळाच्या पायऱ्यांवर, आरतीला जमलेल्या माणसांसमोर, भासरे तिला म्हणाले, "देवीच्या घरात चोरी केली तुनं? उद्यापासून पायरी चढू नोको." मग सचिव आणि आणखी एकजण तांड्यावर गेले आणि तिच्या घराची झडती घेतली. गोधड्या उलगडल्या, पिठाचा डबा पाहिला. कापूर सापडला नाही. सापडलं ते एवढंच की तिच्या दुसऱ्या लुगड्यालाही वास होता. समितीने त्याला भरभक्कम पुरावा मानलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती शाळेच्या मागच्या ओसरीवर आली.

"मॅडम, मी उद्यापासून इथंबी येनार नाई. मालकानं सांगतलं." मालक म्हणजे भासरे; शाळेच्या समितीचेही अध्यक्ष तेच.

"मुलींचे संडास कोण धुणार मग?"

"थे मालकाले इचारा."

मला आधी संडासच आठवले, हे मी लपवत नाही. ती येण्याआधी कोणी कामाला नव्हतं तेव्हा मोठ्या मुली दुपारी घरी निघून जायच्या आणि परत यायच्या नाहीत. मी तिला बसवलं, काय झालं ते पुन्हा नीट विचारलं. तिने झाकण पुसण्याचं सांगितलं, फडक्याचं सांगितलं, गच्चीवर बसल्याचं सांगितलं.

"चोरीचं कोणी खरं मानत नसेल," मी म्हटलं.

"काहून नाई मानत? कालपासून पिठाच्या गिरनीत माह्या डब्यापाशी कोनी डबा ठेवत नाई." ती रडत नव्हती. रागाने तिचं नाक लाल झालं होतं. "काम गेलं त दिवाळीनंतर हाती कोयता घेईन, बाकीच्या बाया जातच ना. पन चोर होऊन गेली त वापस कोन्या तोंडानं येऊ? जवापर्यंत मालक त्याच पायरीवर उभा राहून 'हिनं नेला नाई' म्हनत नाई, तवापर्यंत मी ना इथची राह्यली ना तिथची."

म्हणजे तिला एक वाक्य हवं होतं. आणि ते अशा माणसाकडून हवं होतं, ज्याने आयुष्यात एकदाही 'माझं चुकलं' म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही, प्रत्यक्षही नाही आणि जाऊबाईंमार्फतही नाही.

संध्याकाळी मी थोरल्या घरी गेले. भासरे दिवाणावर, मी खुर्चीवर, जाऊबाई मध्ये पाटावर, पुढ्यात शेंगा फोडायला घेतलेल्या.

"जाऊबाई, त्यांना सांगा, कापूर कोणी नेला नाही. तो उडाला."

जाऊबाईंनी मान फिरवली. "थे म्हनते, कापूर उडाला."

"तिले इचार, कापराले पंख हायेत काय."

"पंख हायेत काय म्हनते."

मी सांगितलं. मिठाचे कण एकमेकांना भावकीसारखे धरून असतात, एकाला ओढलं तर सगळे येतात. कापराचे रेणू तसे नाहीत. ते पारावर बसलेल्या मंडळींसारखे असतात. जवळजवळ बसलेले, पण कोणाचं कोणावाचून अडत नाही. कडेला बसलेला उठतो आणि कोणाला न सांगता निघून जातो. मग त्याच्या मागचा कडेला येतो. ऊन वाढलं की उठणारे वाढतात. बर्फ निदान आधी पाणी होतो आणि मग त्याची वाफ होते. कापूर मधला थांबा घेतच नाही. आणि कापूर पसरून ठेवला की सगळेच कडेचे होतात.

जाऊबाईंनी हे एवढं सगळं ऐकलं, एक शेंग फोडली आणि म्हणाल्या, "थे म्हनते, तुमच्या पारावरच्या लोकायसारखा हाय कापूर. काम ना धाम, उठला की चालला."

"तिले सांग, एवढा माल उडून गेला त कोनाले दिसला कसा नाई?"

"वाफ दिसत नाही. वास येतो. वाळवण घातलं त्या दिवशी आला होता."

"हो ना," जाऊबाई या वेळी स्वतःच्या वतीने म्हणाल्या. "मायं त डोकं चढलं होतं त्या दिवशी."

"तिले सांग, वास म्हनजे वास अन् माल म्हनजे माल. मोगऱ्याचा वास आला म्हनून मोगरा कमी होत असते काय?"

प्रश्न वाईट नव्हता. माझ्या वर्गात कोणी विचारला असता तर मला आनंद झाला असता. मी म्हटलं, "मोगऱ्याचंही थोडं जातंच. पण मोगऱ्याला कोणी काट्यावर घातलेलं नाही."

तेवढ्यात जाऊबाई म्हणाल्या, "मी त देवघरातल्या कापराच्या डबीत मिरे टाकून ठेवतो. नाई त महिन्या-दोन महिन्यात डबी खाली होते."

मिऱ्यांनी किती फरक पडतो ते मी मोजलेलं नाही, घट्ट झाकणाने मात्र नक्की पडतो. पण मुद्दा मिऱ्यांचा नव्हताच. या घरात इतकी वर्षं कापूर उडत होता आणि घरच्या बाईला ते माहीत होतं.

"तुनं मले कदी सांगतलं नाई," भासरे म्हणाले.

"तुमी कदी डबी भरली?"

ते उठले. "घरच्या कापराची गोठ येगळी. थो देवीचा कापूर हाय. थो असा उडनार नाई." आणि हात धुवायला निघून गेले.

पुढच्या आठवड्यात समितीने खोलीत कॅमेरा बसवला. पेटीसमोर, बरोबर नेम धरून. भासऱ्यांच्या मोबाइलवर पेटी दिसायला लागली. जेवताना ते मोबाइल ताटाजवळ उभा करून पेटीकडे बघत. पेटीही त्यांच्याकडे बघत असे. कधी भिंतीवर पाल यायची, तेव्हा ते घास थांबवत. आता देऊळ झाडायला कोणी नव्हतं, पायऱ्यांवर निंबाची पानं साचली होती, पण पेटीवर चोवीस तास पहारा होता. चैत्राचं ऊन पश्चिमेकडून टिनावर पडत होतं आणि पेटीच्या भोकांतून, कॅमेऱ्याच्या डोळ्यादेखत, देवीचा कापूर बिनबोभाट जात होता.

शाळेचे संडास तोवर मी मोठ्या मुलींना सुट्टी देऊन आणि स्वतः बादली उचलून कसेबसे चालवले. या कामाची समितीने दखल घेतली नाही, आणि तेच बरं झालं, नाहीतर ते मलाच कायमचं चिकटलं असतं.

मग समितीने पुन्हा वजन केलं. मला ती बातमी जाऊबाईंनी फोनवर दिली, आवाज दाबून, आणि त्या हसत होत्या. "आजून कमी भरला! रातभर मोबाइल मागंपुढं करून पाह्यला. पेटी हललीबी नाई. आता सचिवावर डोया हाय त्यायचा. सचिवाचा गुरवावर. चार वाजता मिटिंग लावली."

मी बाईला निरोप धाडला: चार वाजता देवळापाशी ये, पायरी चढू नकोस, खाली बस. आणि शाळा सुटल्यावर तशीच समितीच्या खोलीत गेले. झाडणारी सोडली तर तिथे बायका जात नाहीत. त्यासाठी काही नियम वगैरे नाही, फक्त आतापर्यंत कोणी गेलं नव्हतं. पुरुष सहा-सात जण, पेटी मध्ये, आणि सगळे एकमेकांच्या हातांकडे बघत होते.

भासऱ्यांनी मला पाहिलं आणि सवयीने माझ्या बाजूला जाऊबाईंना शोधलं. जाऊबाई घरी होत्या. मग ते सचिवाला म्हणाले, "तिले इचार, काय काम हाय."

मी सचिवालाच विचारलं, "नववीत संप्लवनाची व्याख्या होती. आठवते?"

तो उभाच राहिला. सवय. "स्थायू पदार्थाचे द्रवात रूपांतर न होता थेट वायूत रूपांतर होण्याच्या क्रियेस संप्लवन असे म्हणतात. उदाहरणार्थ, कापूर." शेवटच्या शब्दाला त्याचा आवाज बसला.

"पूर्ण गुण दिले होते मी तुला त्याचे," मी म्हटलं. "उदाहरणासकट. आता पेटीचं झाकण उघड. आतून बोट फिरव. वास घे."

त्याने बोट फिरवलं. कडेच्या खाचेत उन्हातूनही उरलेलं पांढरं बोटाला लागलं.

"बुरशीला कापराचा वास येतो का रे?"

"नाई, मॅडम."

"ती बाई हेच पदराने पुसत होती, हिवाळाभर. आता तो दुपट्टा हुंग." भासऱ्यांचा दुपट्टा रोजच्यासारखा पेटीच्या वर, भिंतीतल्या खिळ्याला टांगलेला होता. खोलीत शिरलं की ते तिथे टांगतात, निघताना खांद्यावर टाकतात.

सचिव हलेना. मीच दुपट्टा काढून त्याच्या हातात दिला. त्याने नाक जवळ नेलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "येते."

"कशाचा?"

"कापराचा."

"मग अध्यक्षांच्या घराची झडती कधी?"

आता मात्र गंमत झाली. त्या सहा-सात माणसांनी, एकेकाने, गुपचूप, आपापल्या सदऱ्याच्या खांद्याला नाक लावलं. सगळे महिन्याचे तीस दिवस त्याच खोलीत पान खात बसणारे. एकाने तर बाही लगेच दुमडली.

मी पहिल्यांदाच भासऱ्यांकडे सरळ बघून बोलले. "भाऊजी, तिच्या घरात गोधड्या उलगडल्या तुम्ही. चोरीचा माल तुम्ही स्वतः गच्चीवर पसरून ठेवला होता. त्या दिवशी सगळ्या गावाने तो नाकाने नेला. मीही नेला. लिहून घ्या माझं नाव."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याशी बोलले याचा धक्का मोठा होता की काय बोलले याचा, ते सांगता येणार नाही. तेवढ्यात कोपऱ्यातले एक वयस्कर सदस्य टाळी वाजवून म्हणाले, "अरे, म्हनजे कापूर देवीनंच घेतला! डोयादेखत घेतला! कॅमेऱ्यात चोर नाई, पेटी बंद, अन् कापूर गायब. हे त साक्षात झालं!"

खोलीतला ताण एकदम उतरला. सगळ्यांना ते पटलं. भासऱ्यांनाही. त्यांची मान पुन्हा सरळ झाली. एवढा वेळ शिकवून जे झालं नाही ते एका टाळीने झालं. त्यांनी खिडकीतून खाली बसलेल्या बाईला पाहिलं आणि सचिवाला म्हणाले, "तिले सांग, देवीची इच्छा होती. उद्यापासून कामावर ये म्हना."

सचिव दारात गेला. पण तो काही बोलायच्या आत ती खालून म्हणाली, "आयकलं मी. देवीनं घेतला त मंग देवीचीबी झडती घेतली काय तुमी?"

कोणी हसलं. ती हसली नाही.

"मले कामाचं नोका सांगू. चोर म्हनलं तवा मालकानं कोनाच्या तोंडून म्हनलं होतं? सोताच्या. याच पायरीवर. तवा मधात कोनी नोतं, आताबी मधात कोनी नोको."

आरतीची वेळ होत आली होती. माणसं यायला लागली होती, जी त्या दिवशी होती त्यातलीच बरीच. भासऱ्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मधल्या माणसाशिवाय बोलायची त्यांना सवयच राहिलेली नव्हती. सचिव खाली बघून पायऱ्या मोजत होता. मी दारातून बाजूला झाले, वाट मोकळी केली. शेवटी ते चपला न घालता बाहेर आले आणि पायरीवर उभे राहिले.

"बाई, कापूर तुनं नेला नाई."

"मागच्यायले आयकू आलं नाई."

"तुनं नेला नाई!" ते ओरडलेच. मग त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, आणि देवीचं नाव घ्यायला उघडलेलं तोंड मिटून घेतलं. "उडाला थो."

ती उठली, लुगडं झटकलं, कोपऱ्यातला खराटा घेतला आणि तिथल्या तिथे पायऱ्यांवरची निंबाची पानं झाडायला लागली. आरतीला आलेल्यांना दोन पावलं मागे सरकावं लागलं.

देवीने कापूर घेतल्याची गोष्ट मात्र त्याच संध्याकाळी मोबाइलवरून मानोऱ्यापर्यंत पोचली. पुढच्या नवरात्रात आणखी तीन नातू तोलायचे ठरले आहेत. मी घट्ट झाकणाच्या बरण्या घ्यायला सांगितल्या आहेत, पाकिटं फोडायची नाहीत म्हणूनही सांगितलं आहे, अर्थात जाऊबाईंमार्फत. आमची पद्धत दुसऱ्याच दिवसापासून पुन्हा सुरू झाली.

बरण्या समितीने अजून ठरवलेल्या नाहीत. उरलेला कापूर पेटीतच आहे. बाई परत कामावर आली त्या सकाळी भासऱ्यांनी पेटी उघडली, झाकणाकडे बोट दाखवलं आणि वाट पाहिली.

"थे बुरशी तुमचीच हाय," ती झाडता झाडता म्हणाली. "तुमीच पुसा."

फडकं नव्हतं. त्यांनी खिळ्यावरचा दुपट्टा काढला आणि पुसलं. तेव्हापासून रोज पुसतात. जाऊबाई सांगतात, आता त्यांच्या कपाटातल्या सगळ्या कपड्यांना कापराचा वास येतो, अगदी उशीलासुद्धा. घराच्या झडतीला अजून कोणी आलेलं नाही.